कोरी कार्डं

गोटीचे बाबा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. खुर्चीतला माणूस खरंच वाचतोय की अंदाज ठोकतोय, हे आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं, असं ते रोज कुणाला तरी ऐकवतात. अशा जाणकार माणसाने मुलीसाठी अक्षरांची कार्डं आणली, तीही विचार करून, मुद्दाम चित्रं नसलेली. "चित्र असलं की मुलं चित्र ओळखतात. अक्षराकडे बघतंय कोण?"

गोटी तेव्हा पावणेतीन वर्षांची. चपला उलट्या घालायची, दूध पिताना निम्मं अंगावर सांडायची. पण बाबांनी "क"चं कार्ड धरलं की "क" म्हणायची आणि "म"चं धरलं की "म". पत्त्यांसारखी पिसून कुठलंही काढा, चुकायची नाही. बाबांची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. दुकानात भिंगं बदलता बदलता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मुलीचं कौतुक सांगायचे. बिचाऱ्यांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम, पळणार कुठे?

यामागे दादा होता. बाबांचा मोठा भाऊ. दादा आयुष्यभर पुढे. शाळेत पुढे, नोकरीत पुढे, घर आधी त्याचं, गाडी आधी त्याची. त्याचा मुलगा गोटीच्याच वयाचा आणि अजून न बोलता बोट दाखवूनच काम भागवणारा. म्हणजे जन्मात पहिल्यांदा बाबा कशात तरी पुढे होते. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण ते बोलण्यासारखं नव्हतंच. पण दादा-वहिनी जेवायला येणार म्हटल्यावर त्यांनी सकाळी दोनदा दाढी केली.

जेवणं झाल्यावर वहिनींनी पिशवीतून एक खोका काढला. "भावजी, तुमची कार्डं एव्हाना झिजली असतील, म्हणून नवीन आणली." मनापासून आणली होती, त्यात खोट नव्हती. अगदी तशीच, बिनचित्रांची. कोरी करकरीत.

"दाखव गं गोटी, काकांना दाखव," बाबा म्हणाले. दादाने एक कार्ड उचललं. "हे काय?"

गोटीने कार्ड हातात घेतलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, नाकाला लावून वास घेतला. मग परत देत म्हणाली, "इथे काही नाही."

सगळे हसले. बाबाही हसले, जरा जास्तच. त्यांनी दुसरं कार्ड धरलं, तिसरं धरलं. "नीट बघ. काल नव्हतं का सांगितलंस?" गोटी आतल्या खोलीत धावत गेली, आपल्या डब्यातलं जुनं कार्ड घेऊन आली आणि ते उंच धरून ओरडली, "म!" बाबांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "ते नको. हे नवं बघ."

"काही नाही इथे," ती म्हणाली. जुन्या कार्डासाठी तिने हात पुढे केला.

"चष्मा लाव रे हिला," दादा म्हणाला. "घरचंच तर दुकान आहे."

वहिनींनी नवऱ्याकडे डोळे वटारले आणि विषय बदलला. दादाचा मुलगा खोक्यात पाय घालून बसला होता, तो सर्वांत सुखी. बाबांना मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुण्यांना निरोप देताना ते इतके गोड बोलले की गोटीच्या आईने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

दार लागलं आणि बाबा गोटीसमोर जमिनीवर बसले. नवी कार्डं एकेक करून तिच्या नाकासमोर धरत गेले. "हे काय? बोल ना. आणि हे? हे काय आहे?" मग उरलेली कार्डं फरशीवर आपटून ते म्हणाले, "काय आहे ठाऊक आहे? लाज! लाज आहे ही, नुसती लाज!"

गोटी रडली नाही. पसरलेल्या कार्डांकडे बघत हळूच म्हणाली, "लाज."

बाबा बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा गोटी झोपली होती आणि तिची आई जुनी कार्डं मांडून बसली होती.

"अहो, इकडे या. मघाशी झोपण्याआधी हिला सहज विचारलं. या 'म'वर चहाचा डाग आहे बघा. त्यावर अंगठा ठेवला की हिला काही येत नाही. अंगठा काढला की 'म'. 'क'चा कोपरा तिनेच दातांनी कुरतडलाय. 'ब'वर तुमच्या पेनाची रेघ. ती डाग वाचते, अक्षरं नाही." आईने एक नवं कार्ड उचललं. "नव्या कार्डांवर खरंच काही नव्हतं. पोर खोटं बोलत नव्हती."

बाबांनी 'म'वरच्या डागावर स्वतः अंगठा ठेवून पाहिला. मागे एक टेम्पोवाला परवान्यासाठी डोळे तपासायला आला होता. भिंतीवरचा तक्ता पाठ करून. बाबांनी नुसता तक्ता बदलला आणि तो बिचारा जुन्याच ओळी म्हणत राहिला. हा किस्सा बाबा रंगवून रंगवून सांगायचे, त्याचा केविलवाणा आवाजसुद्धा काढायचे. आता तो आवाज आठवून त्यांचे कान तापले. डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस घरात आंधळा निघाला होता, आणि आंधळा निघाला म्हणून पोरीवर खेकसला होता. त्यांना स्वतःची अतोनात शरम वाटली.

दोन्ही गठ्ठे त्यांनी माळ्यावर टाकले. गोटीला पुन्हा काही विचारायचं नाही असं ठरवलं. तिला घोडा-घोडा खेळवलं, उलट्या चपलांवर हसले नाहीत. गोटी तर सगळं विसरलीही होती, असं त्यांना वाटलं.

पुढच्या सुट्टीला ते तिला खांद्यावर घेऊन पाव आणायला निघाले. कोपऱ्यावर चपलांचं दुकान. पाटीवर मोठा बूट काढलेला. "बूट!" गोटी ओरडली. "शाब्बास," बाबा म्हणाले. मग तिने बुटाशेजारी रंगवलेल्या अक्षरांकडे बोट केलं. "आणि लाज!"

बाबा जागच्या जागी थांबले.

"बाबा, तिथे पण लाज!" औषधाच्या दुकानावर. "तिथे! मोठ्ठी लाज!" जाणाऱ्या बसच्या अंगावर. बंद शटरवर, भिंतीवर, पावाच्या पिशवीवर. फुलाच्या चित्राला ती फूल म्हणत होती, बाटलीच्या चित्राला बाटली, आणि जिथे अक्षरं होती तिथे, न चुकता, लाज. डाग नव्हता, कुरतडलेला कोपरा नव्हता. चित्र वेगळं आणि अक्षर वेगळं, हे पोरीला कळलं होतं. खरोखरचं कळलं होतं. आनंदाने ती खांद्यावर उड्या मारत होती.

"अक्षर म्हणायचं, बाळा," बाबा कसेबसे म्हणाले. "अक्षर."

"नाही," गोटीने समजूत घातली. "लाज."

चपलांच्या दुकानाचा म्हातारा मालक पायरीवर बसला होता. त्याला मजा वाटली. "अरे वा, माझ्या पाटीवर लाज आहे होय? कोणी शिकवलं गं तुला?"

गोटीने दोन्ही हातांनी बाबांचं डोकं धरलं आणि अभिमानाने सांगितलं, "बाबांनी."