शिंदखेड्याचा चंद्र

"पट्टी आत ढकलायची नाही. टोक दाखवायचं आणि हात सोडून द्यायचा. मशीन आपणच ओढून घेतं."

हे असं सांगायचे आणि मी तरी दर वेळी पट्टीला बोट लावून ठेवायचे. हे हसायचे. "अगं, ते काय नैवेद्य भरवतेस का त्याला?"

हे म्हणजे माझे यजमान. धुळ्याला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. तिथल्या एका साहेबांनी बदलीवर जाताना आपला परदेशी कॅल्क्युलेटर ह्यांना दिला. तो साधा नव्हता. त्याला गणिताची रीत शिकवता यायची आणि ती रीत बोटभर लांबीच्या चुंबकी पट्टीवर साठवता यायची. पट्टी फिरवली की मशीनला सगळं आठवायचं. कालव्यांची गणितं त्यावर झालीच, पण एक पट्टी ह्यांनी घरासाठी केली, चंद्रोदयाची. मी संकष्टी करते, आणि कॅलेंडरात वेळ छापतात ती मुंबईची. हे म्हणायचे, "मुंबईचा चंद्र आपल्याला कशाला? आपण आपला काढू."

ब्याऐंशीत आम्ही जळगावला, मेहरूणला राहायला आलो. तेव्हापासून ह्यांच्या वहीत दोन रकाने असत. एक मेहरूणचा, एक शिंदखेड्याचा. शिंदखेड्याला ह्यांच्या आत्याबाई, भिकुबाई. मोतीबिंदूने नजर गेलेली, पण चतुर्थी सुटलेली नाही. वर्षाची यादी पाडव्याच्या आधी त्यांना जायची. शेजारची बेबाबाई त्या त्या चतुर्थीला सकाळी वेळ वाचून दाखवायची. आत्याबाई आपल्या अहिराणीत गावभर सांगत, "बठ्ठा गावना आधी मना चंद्र निंघस! मना भाचा मशिनमाईन काढस."

हे एकोणनव्वदच्या जानेवारीत गेले. जाण्याआधी पुढच्या तीन वर्षांची यादी करून ठेवली होती. ती ब्याण्णवच्या फाल्गुनात संपणार होती. त्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "भाचा गया, पन त्याना चंद्र येस. पुढली यादी कोन देई वं?"

"मी देईन, आत्याबाई. पाडव्याच्या आधी स्वतः घेऊन येईन."

बोलून गेले खरी. घरी येऊन देवघराशेजारच्या कपाटातून मशीन काढलं, तर दिवा लागेना. ह्यांचा चार्जर लावला तेव्हा आकडे उजळले, पण पट्टीचं टोक दाखवलं तर ते ओढून घेईना. आतून नुसती घरघर. फटीभोवती लाल बारीक भुकटी दिसली, कुंकवाची. दर खंडेनवमीला मी त्याची पूजा करत असे. हे असताना एक टिकली, तीही झाकणावर. हे गेल्यावर मला राहवलं नाही. हळद, कुंकू, अक्षता, मी सगळं मनापासून वाहिलं होतं.

शनिपेठेत हाशमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ह्यांचे जुने स्नेही, ह्यांना रुपचंदभाऊ म्हणायचे. मी मशीन त्यांच्यापुढे ठेवलं आणि कुंकवाचं सांगून टाकलं. लपवून काय करायचं?

त्यांनी मशीन उघडलं, भिंगातून पाहिलं. "भाभी, मशीनला तुम्ही नवरी केली की हो!"

"माझ्यामुळेच बिघडलं ना?"

"नाही. हे बघा." पट्टी ओढणारं छोटं रबरी चाक त्यांनी चिमट्याने दाखवलं. त्याची काकवी झाली होती. "हे आपल्या उन्हाळ्यांनी वितळलं. कुंकू फक्त वरून चिकटलं. आणि सेल कधीच मेले."

"मग?"

"मग हाशम कशाला आहे?" त्यांनी समोरच्या सायकलवाल्याकडून वॉलट्यूबचा, म्हणजे बारीक रबरी नळीचा, तुकडा आणवला, चाकाच्या दांडीवर चढवला, ब्लेडने कापला, लावून पाहिला, पुन्हा कापला. तिसऱ्या तुकड्याला पट्टी सरसर आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. मी नकळत हात जोडले. मेलेल्या सेलच्या जागी त्यांनी पेन्सिल सेल बसवून दिले.

"तुमच्या ईदचा पण चंद्र निघेल का यातून?" मी विचारलं.

"निघेल, पण चालायचा नाही. आमच्यात डोळ्यांनी बघावा लागतो. मशीनचं सांगितलं तर मौलवीसाहेब मलाच दुरुस्तीला घेतील."

घरी आले, दिवा लावला आणि बसले. ह्यांचे डोळे अधू झाले तेव्हा शेवटच्या वर्षी बटणं दाबून आकडे मीच वाचायचे आणि वहीत हे लिहायचे, त्यामुळे रीत ठाऊक होती. खात्री करावी म्हणून आधी जुन्या यादीतली एक चतुर्थी घातली. मेहरूण नऊ दहा. वहीतही नऊ दहा. मला भरून आलं. मग शिंदखेडा. मशीन म्हणालं नऊ तेरा. वहीत होतं आठ त्रेचाळीस.

दुसरी चतुर्थी घातली, तिसरी घातली. मेहरूण जुळे. शिंदखेडा दर वेळी अर्धा तास चुके.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शनिपेठेत. "हाशमभाई, अजून दुरुस्त झालं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. वही पाहिली, आकडे पाहिले. मग म्हणाले, "शिंदखेडा जळगावच्या पश्चिमेला. तिथे चंद्र उशिरा निघणार की आधी?"

"उशिरा. तीन मिनिटं. ह्यांनीच सांगितलं होतं."

"मग मशीनच बरोबर आहे. भाभी, बिघडलेलं मशीन कसंही चुकतं. दर महिन्याला मोजून अर्धा तास माणूसच चुकतो. रुपचंदभाऊंच्या अजून जुन्या वह्या बघा."

मी ट्रंक उपसली. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, शिंदखेडा तीन मिनिटं उशिरा, अगदी बरोबर. चौऱ्याऐंशीच्या आषाढापर्यंत बरोबर. श्रावणापासून अर्धा तास आधी. शेजारी एक शब्दही लिहिलेला नाही.

त्या आषाढातल्या चतुर्थीला आत्याबाई चुलीपुढे चक्कर येऊन पडल्या होत्या. साखर निघाली होती. डॉक्टरांनी उपास बंद सांगितला, तर त्या म्हणाल्या, "मरी जासू, पन चतुर्थी सोडाव नही." हे तिथून परतले आणि वही घेऊन बसले. नवी यादी करून पाठवली, आधीची चुकली होती असं कळवलं.

मला आधी रागच आला. देवाच्या वेळेत काटछाट! चंद्र उगवण्याआधी घास घेतला की व्रत मोडलं, आणि आत्याबाईंचं आठ वर्षं मोडत होतं, त्यांना न कळता. मी चाळीस वर्षं चंद्राआधी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. आता माझ्या हाताने मी तेच लिहायचं? आणि खरी वेळ लिहिली, आणि त्या पुन्हा चुलीपुढे पडल्या तर?

दोन दिवस वही उघडीच होती. तिसऱ्या दिवशी अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली, निरांजन शांत झालं, आणि मी गणपतीला हळूच म्हटलं, "तो अर्धा तास आत्याबाईंकडून मागू नकोस. तो मी देईन." मग बसले आणि बारा वेळा, दर वेळी अर्धा तास वजा करून, ठसठशीत अक्षरात यादी लिहिली.

पाडव्याआधी शिंदखेड्याला गेले. आत्याबाईंनी कागद बोटांनी चाचपला आणि बेबाबाईच्या हाती दिला. बेबाबाई वरपासून खालपर्यंत वाचत गेली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बराबर शे, वहिनी," ती म्हणाली. "नेहमीसारखीच." आणि निरोप देताना दारात माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. तिला दोन डोळे आहेत आणि तिच्या अंगणातून चंद्र दिसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चैत्रातली चतुर्थी आली. मेहरूणच्या तळ्यापलीकडे चंद्र वर आला. सुनेने, प्रमिलाने, गच्चीवरूनच हाक मारली, "आई, निघाला! अर्घ्य द्या, मी ताटं घेते."

अर्घ्य दिलं, नमस्कार केला. खाली मोदकांचा वास सुटला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"तुम्ही बसा सगळे," मी म्हटलं. "मी येते अर्ध्या तासाने."

"का हो, आई? बरं नाही का वाटत?"

"बरं आहे गं."

आणि मी देवघरात जाऊन आसन उलगडून बसले.