दसऱ्याचं तेल

माझी बायको शेवंती गेली, तिचे तेरा दिवस झाले आणि मी बंद पडलेली गाडी टो करून इथे आखातातल्या तुबलीला कैलासच्या गॅरेजवर नेली. कैलास शेवंतीचा धाकटा भाऊ. पूर्वी मला बघितलं की दाजी म्हणून उठायचा, चहा मागवायचा. त्या दिवशी बसूनच म्हणाला, "तुबलीतली बाकीची गॅरेजं बंद पडली काय?"

मी म्हटलं, या गाडीला शेवटचा हात तुझा लागलाय, तूच बघ.

शेवंतीच्या छातीत कळ आली तेव्हा मी तिला घेऊन निघालो आणि जुफैरच्या सिग्नलला गाडी अडली. इंजिन ओरडत होतं, चाकं ओढत नव्हती. टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं, तोवर उशीर झाला होता. आमची मनाली पुण्याला कॉलेजात असते. कैलासमामाने तिला सांगितलं की बापाने गाडी हाणून हाणून गिअरबॉक्स मारला, म्हणून आई गेली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. खरं काय ते कैलासने तिला त्याच्या तोंडाने सांगावं, यासाठी मी आलो होतो. गाडी दुरुस्त झाली नसती तरी चाललं असतं.

त्याने स्कॅनर लावला. गिअर घसरतोय, असं निघालं. "क्लचच्या प्लेटा जळल्या," तो म्हणाला. "तुम्हा ड्रायव्हर लोकांची गाडी अशीच मरते. दुसरा गिअरबॉक्स टाका."

मी म्हटलं आधी गिअरबॉक्सचं तेल बघ. तो म्हणाला मला शिकवू नका. पण कामगार बघत होते, म्हणून गाडी लिफ्टवर चढली.

खालून गिअरबॉक्स कोरडा होता. कुठे थेंब नाही, ओल नाही. या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून तापवायचं आणि खालचा लेव्हलचा बोल्ट काढायचा. तेलाची बारीक धार आली तर लेव्हल बरोबर. कैलासने बोल्ट काढला. काहीच आलं नाही, नुसता जळका वास आला.

"गळती नाही," मी म्हटलं. "मग तेल गेलं कुठे?"

त्याने हातातला बोल्ट उजेडात धरला. स्वतः घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ ओढायची, ही त्याची पद्धत. तेल भरायच्या बोल्टवर रेघ होती. हातातल्या बोल्टवर फक्त जुनी धूळ होती. तो बोल्ट त्याने कधी काढलाच नव्हता, म्हणजे भरलेलं तेल पुरेसं आहे का ते बघितलंच नव्हतं.

दरवर्षी दसऱ्याला नातेवाइकांच्या गाड्यांचं तेल तो स्वतः बदलतो, पैसे घेत नाही. यंदा आमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल भरून झालं आणि पूजेची वेळ झाली. नटबोल्टचे पाने, हातोड्या सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू लागलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. लेव्हल उद्या बघतो म्हणाला, बॉनेटवर झेंडूची माळ घालून गाडी दिली. तो उद्या कधी उजाडला नाही. पुढे गिअर झटके द्यायला लागला तेव्हा मी त्याला फोन केला होता. नवीन तेल आहे, बसेल, म्हणाला होता.

"पाने पाटावर ताईनेच मांडले," कैलास म्हणाला. "हात लावू नको म्हणाली. मी काय करणार?"

"आता तिच्यावर ढकलतोस?"

कामगारांनी मान खाली घातली. कैलासने जुनं तेल काढलं, नवीन भरलं, धार दिसेपर्यंत माझ्यासमोर. गाडी रस्त्यावर फिरवून आणली. एकही झटका नाही. बोल्टवर रेघ ओढून त्याने किल्ली पुढे केली. "खलास, झालं काम. न्या."

मी हात पुढे केला नाही. "मनालीला फोन लाव."

"त्याने ताई परत येणार आहे?"

"नाही. लाव."

त्याने लावला, स्पीकरवर. पूजेपासून सुरुवात करून बरंच बोलला. ताई पाने मांडत होती, घाई होती, गिऱ्हाइकं होती. मनालीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो यू नेव्हर चेक्ड?"

"नाही."

"अँड बाबांनी तुला सांगितलं होतं? झटके?"

कैलासने माझ्याकडे बघितलं. "हो."

मग ती म्हणाली, "बाबांना दे."

"दाजी," म्हणत कैलासने फोन पुढे केला.

मी आधी किल्ली घेतली, मग फोन, आणि बाहेर गेलो.