जाणं तितकंच येणं

“हे गाव नाक्यापासून लांब नाही. म्हंजे नाका बी गावापासून…” नीलम बोलता बोलता थांबली.

सुपात तूर निवडणाऱ्या जाईबाईंनी दचकून मान वर केली. “काय झालं वं? मी आयकून राहिली ना.”

“तू त डुलक्या घेऊन राहिली होती, आई.”

“डोये मिटले होते. कान थोडीच मिटते?”

उद्या अमरावतीला प्रबंधाआधीचं शेवटचं सादरीकरण होतं. अकोल्याच्या कॉलेजात शिकवून, पेपर तपासून, पंचेचाळिशीपर्यंत ओढत आणलेली पीएचडी. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नीलम सगळं आईला वऱ्हाडीत सांगत असे. आईला कळावं म्हणून नव्हे. इंग्रजीत ‘हे उघडच आहे’ असं लिहून माणूस पुढे सटकतो, आईसमोर तसं सटकता येत नाही म्हणून.

प्रश्न सांगायला सोपा होता. मोजक्या ॲम्बुलन्स कोणत्या नाक्यांवर उभ्या कराव्या, म्हणजे सगळ्यांत दूरच्या गावीही लवकर पोचतील? गावं वाढली की सर्वोत्तम उत्तर शोधता शोधता संगणकाचाही जन्म सरतो. मग झटपट, जवळपासचं उत्तर काढायचं आणि सिद्ध करायचं, की सर्वोत्तमाच्या तिपटीहून ते कधीच वाईट नसेल. नीलमने हे एकेरी रस्त्यांच्या एका खास प्रकारच्या नकाशांसाठी सिद्ध केलं होतं. आणि त्या सिद्धतेच्या ऐन मध्यावर जाण्याचं अंतर येण्याइतकंच धरलं होतं. एकेरी रस्त्यावर!

“आई, माह्यं चुकलं.”

“मंग दुरुस्त कर.”

“उद्यापर्यंत नाही होत. सांगतलं त डिग्री लांबते.”

“अन् नाही सांगतलं त?”

“कोणाच्या ध्यानात आलं नाही आजवर.”

जाईबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “तुह्या त आलं ना आता,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठातल्या त्या लहानशा खोलीत नीलमने फळ्यावर आपलं प्रमेय लिहिलं आणि त्यावर फुली मारली. “हे चूक आहे,” ती म्हणाली. मग चूक नेमकी कुठे, तेही दाखवलं.

तिच्या मार्गदर्शक सत्यभामा मॅडमनी चष्मा काढून पुसला. “मी दोनदा वाचलं हे,” त्या हळूच म्हणाल्या. “मलाही नाही दिसलं.”

“मंग काय मॅडम, चहा घेऊन घरी जायचं का?” मागच्या बाकावरून अनुप म्हणाला. तो त्यांचाच दुसरा विद्यार्थी. दोघंतिघं हसले.

“बस ना बाप्पा! जायची घाई काहून करतं?” मॅडम नीलमकडे वळल्या. “सगळंच पडलं की काही उभं आहे?”

“परतीची वाट जाण्याच्या दुपटीहून मोठी नसेल तर उभं राहतं. फक्त हमी तिपटीची नाही, पाचपटीची. रात्रभर तपासलं.”

“प्रबंध यंदा नाही जाणार मग.”

“नाही जाणार.”

“बरं. दाखव.”

नीलमने फुलीखाली नवी ओळ सुरू केली. तिचा आवाज अजून बारीकच होता, आणि डोक्यावरचा पंखा खडखडत होता. बाहेर एप्रिल पेटला होता. अनुप उठला, पंखा बंद केला आणि पुढच्या बाकावर येऊन बसला.

कोणी कुरकुरलं नाही.