उरलेला भोपळा

“आजोबा, आत्याचं नाव हाताला लागत नाही,” टेसा म्हणाली.

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती आणि डोळे घट्ट मिटून टेबलावरच्या भोपळ्यांवरून बोटं फिरवत होती. डोळे न उघडता नाव ओळखायचं, हा तिचा दरवर्षीचा खेळ. तिनं ड्वेनचं ओळखलं, म्हणजे तिच्या बापाचं, माझ्या मुलाचं. आईचं, शेलीचं ओळखलं. माझं ओळखलं, स्वतःचं ओळखलं. पाचव्या भोपळ्यापाशी ती अडली. तिनं डोळे उघडून नाव वाचलं, पुन्हा मिटले, पुन्हा बोटं फिरवली.

“बाकीची फुगीर आहेत. हे नुसतं ओरखडल्यासारखं आहे.”

माझी मुलगी ट्रूडी सिंकपाशी सुऱ्या धूत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

हॅलोवीनच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी आमच्या घरी जमायचं आणि परसातले भोपळे पोखरून त्यांना तोंडं कोरायची, ही माझ्या बायकोनं, वर्नानं घातलेली रीत. भोपळे तिचे. मी जन्मभर रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवली, बागेतलं मला फार कळत नाही. मी खड्डे खणायचो, शेणखत आणायचो, बाकी वर्ना बघायची. ऑगस्टच्या सुरुवातीला भोपळे नारळाएवढे झाले, हिरवे आणि कोवळे असले, की ती लाकडी मूठ बसवलेला एक खिळा घेऊन वाफ्यात जायची आणि प्रत्येकावर घरातल्या एकेकाचं नाव ओरखडायची. वरची साल फुटेल एवढंच, आत जायचं नाही. रेघेतून चीक येतो, वाळतो, खपली धरते. मग भोपळा वाढेल तसं नावही वाढतं. ऑक्टोबरपर्यंत अक्षरं सुतळीसारखी जाड आणि फुगीर होतात. ती पुसत नाहीत, खरवडून निघत नाहीत. भोपळा सडला तरी शेवटपर्यंत तीच राहतात.

मात्र हे ऑगस्टमध्येच करावं लागतं. साल टणक झाल्यावर ओरखडलं तर नुसती रेघ उमटते. ती भरत नाही, वाढत नाही. आमच्या घरात हे लहान मुलालाही माहीत आहे.

कुणाला कुठला भोपळा, हे वर्ना ठरवायची. त्या वर्षी तिच्या मनात कोण चढलंय आणि कोण उतरलंय, ते आम्हाला टेबलावर कळायचं. ड्वेनला नेहमी मोठा, गोल, सरळ देठाचा. ट्रूडीला एका बाजूनं बसका, किंवा जमिनीला टेकून पांढरा पडलेला. ट्रूडीचा घटस्फोट झाला त्या वर्षी तिच्या भोपळ्यावर नवऱ्याचंही नाव होतं. ऑगस्टमध्ये, घटस्फोट झाल्यानंतर, ओरखडलेलं. वर्ना म्हणाली, सवयीनं लिहिलं गेलं. सगळे हसले. ट्रूडीही हसली आणि तिनं त्या दोन्ही नावांच्या मधोमध तोंड कोरलं.

वर्ना कडक होती. मी तिच्याशी अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला आणि मला आजही तीच हवी आहे. तिच्या जागी दुसरी गोड बोलणारी कुणी नको.

या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आता इलाज नाही, वर्नाला घरीच ठेवा. ड्वेन मिलवॉकीहून एकदा येऊन गेला. ट्रूडी गावातल्या लॉन्ड्रीतलं काम सोडून आमच्याकडे राहायला आली. आईला उचलणं, पुसणं, भरवणं, चादरी बदलणं, सगळं तीच करायची. रात्रीही तीच जागायची. मला वाटलं होतं, आता तरी दोघींचं जमेल. झालं उलटंच. आपलं अंग मुलीला दिसतं, आपली घाण मुलगी काढते, याचा राग वर्नानं मुलीवरच काढला. पाणी कोमट दिलं तर थंड म्हणायची, गरम दिलं तर भाजलं म्हणायची. एकदा मला म्हणाली, “ही माझ्या मरणाची वाट बघत नाहीये, लेस्टर. हिला हे आवडतंय. जन्मात पहिल्यांदा माझ्याहून वरचढ झालीय ना.” ट्रूडी तेव्हा तिच्या पायांना तेल लावत होती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी औषधं आणायला शहरात गेलो होतो. परत आलो तर वर्नाच्या नखांत माती होती आणि खिळा उशीपाशी पडलेला. चेहरा पांढरा पडलेला, पण खूश होती. मी विचारलं, बाहेर कुणी नेलं? म्हणाली, माझी मी गेले. जूनपासून ती संडासापर्यंतही आपली आपण जात नव्हती. शेजारची ओपल त्या दुपारी केक घेऊन येणार होती, तिनं नेलं असेल असं मी धरून चाललो. ट्रूडी त्या वेळी झोपलेली असायची.

मी वाफ्यात जाऊन पाहिलं. पानं बाजूला सारून एकेक भोपळा बघितला. ड्वेन, शेली, टेसा, मी. पाचव्यावर काही नव्हतं. मी तो उलटा करून पाहिला, वेलीला धक्का लागू न देता. खालूनही कोराच.

मला वाटलं दमली असेल, उद्या लिहील. उद्या तिला ताप आला. मग मला वाटलं, आपण विषय काढावा. पण काढला असता तर तिनं मुद्दाम सोडला असं मला तोंडावर ऐकावं लागलं असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती गेली.

दफन झाल्यावर ड्वेन दोन दिवस राहिला आणि आईची बंदूक घेऊन गेला. ट्रूडी आठवडाभर राहिली, गादी उन्हात टाकली, भांडी आवरली आणि गावातल्या आपल्या खोलीवर परत गेली. ती गेल्यावर मी खिळा शोधून काढला. तोवर भोपळे केशरी पडायला लागले होते. उरलेल्या भोपळ्यापुढे मी मातीत बसलो, शेजारी ड्वेनचा भोपळा होता, त्यावरची अक्षरं बघून बघून, वर्नाच्या वळणानं मी ट्रूडीचं नाव लिहिलं. खिळा सालीवरून घसरत होता. दाबून पुन्हा गिरवलं. पाण्यासारखा चीक आला आणि वाळला. मला माहीत होतं की ते आता भरणार नाही. तरी मी रोज सकाळी जाऊन त्यावरून अंगठा फिरवत होतो.

तेच आता टेसाच्या बोटांना लागत नव्हतं.

ड्वेन टेबलापाशी आला. आपल्या भल्यामोठ्या भोपळ्यावर एक हात ठेवून त्यानं ट्रूडीचा भोपळा उजेडाकडे वळवला. शिट्टी वाजवली.

“हे ताजं आहे की. महिन्याभरापूर्वीचं.” त्यानं मान वर केली. “आई तर तेव्हा जमिनीखाली होती. ट्रूडे, तू लिहिलंस?”

शेली म्हणाली, जाऊ दे ना. पण ती हसू दाबत होती, ते मला दिसलं.

“अगं, आईनं लिहिलं नाही तर नाही लिहिलं. या वयात स्वतःचं नाव स्वतः लिहायचं? आणि वर आईचं अक्षर काढायचं?”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. ट्रूडी सिंकपाशी होती, तिनं हात पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, “बाबा, बियांना मीठ नेहमीइतकंच ना?”

मी हो म्हटलं. 

मग ती ड्वेनला म्हणाली, “हो, मीच लिहिलं. मला पण एक हवा होता.”

ड्वेनला ते फारच आवडलं. दुपारभर तो तीच थट्टा पुरवून पुरवून वापरत होता. सुरी मागितली की म्हणे, बघ, हिच्यावर तुझं नाव आहे का. जेवताना बीफचं कालवण वाढताना म्हणे, ट्रूडे, ताटावर लिहून घे, नाहीतर मिळायचं नाही. टेसाला आधी कळलं नाही, मग ती पण हसायला लागली. ट्रूडीनं टेसाच्या भोपळ्याचं झाकण कापून दिलं, आतला गर हातानं ओढून काढला, तोंड कोरताना दात कसे सोडायचे ते दाखवलं. शेलीचा भोपळा शेलीनं अर्धवट टाकला, तोही तिनंच पुरा केला. बिया धुतल्या, भाजल्या, वाडग्यात काढल्या. स्वतःच्या भोपळ्याला तिनं सुरी लावली नाही. मीही माझ्या भोपळ्याला लावली नाही, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ड्वेननं स्वतःच्या भोपळ्याला एवढं मोठं तोंड कोरलं की नाव तेवढं वर शाबूत राहिलं. निघताना तो भोपळा गाडीच्या डिकीत बसेना. मग ड्वेन म्हणाला, राहू दे इथंच व्हरांड्यात, आईला बरं वाटेल. टेसानं आपला मांडीवर घेतला. गाडी वळणापलीकडे गेली.

मी आत आलो. ट्रूडी टेबलावरची वर्तमानपत्रं गरासकट गोळा करत होती. मी म्हणालो, ते मी लिहिलं होतं.

“माहीत आहे, बाबा.”

मी विचारलं, कसं? वळण तर तिचं काढलं होतं.

तिनं वर्तमानपत्रांचा बोळा डब्यात दाबला. “आईला त्या दिवशी वाफ्यात मीच नेलं होतं.”

मी खुर्चीवर बसलो.

ती शांतपणे सांगत होती, आवराआवर करत. आईनं तिला झोपेतून हाक मारून उठवलं. म्हणाली, मला भोपळ्यांपाशी ने. ट्रूडीनं तिला उचलून नेलं. आईला बसवत नव्हतं, म्हणून ट्रूडी मागे बसली आणि काखेतून हात घालून तिला छातीशी धरलं. आईचा हात थरथरत होता, खिळा कुठेही जात होता. मग ट्रूडीनं तिचं मनगट धरलं.

“ड्वेनचं नाव अर्धं मीच लिहिलंय,” ती म्हणाली. “तुमचं पण. तुमच्या वेळेला तिचा हात अगदीच गळला होता.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. मग तुझं?

“मी म्हटलं, आई, एक राहिला.” तिनं टेबल पुसायला घेतलं. “ती म्हणाली, तो हरणांना राहू दे.”

बाहेर उजेड कमी होत होता. मला काहीतरी बोलायचं होतं. वर्ना तेव्हा औषधांच्या गुंगीत होती, तिला कळत नव्हतं, असं काहीतरी. पण तिला कळत होतं. चार नावं तिनं बरोबर लिहिली होती.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही रोज तिच्याजवळ बसून तिचा हात धरत होतात,” ट्रूडी म्हणाली. “तुम्हाला का सांगू?”

तिनं फडकं पिळून वाळत घातलं, कोट चढवला आणि आपला भोपळा उचलला. मला वाटलं, घेऊन चालली. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि परसातून सरळ कुंपणापर्यंत गेली, जिथून पुढे झाडी सुरू होते. तिथे एक दगड आहे. तिनं भोपळा डोक्याच्या वर धरला आणि त्या दगडावर आपटला. एकदा आपटून नुसती चीर गेली. तिनं तो पुन्हा उचलून आपटला, तेव्हा त्याच्या दोन फाका झाल्या. अख्खा भोपळा हरणांना फोडता येत नाही, फुटलेला तेवढा लगेच उचलायचा, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

ती परत आली, नळाखाली हात धुतले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा ती आजारी आईच्या ठेवायची, ताप बघायला.

“डब्यात कालवण आहे. उद्या गरम करून घ्या,” म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी करत होतो. खिडकीतून कुंपणापाशी काहीतरी हललेलं दिसलं. एक हरिणी होती, सोबत तिचं या वर्षीचं पाडस. दोघं दगडापाशी मान घालून खात होती.

मागच्या दाराशी खुंटीला वर्नाचा जुना लोखंडी तवा आणि पळी टांगलेली असते. हरणं दिसली की ती दारात उभी राहून तवा बडवायची. परसातलं एक पानही तिनं कधी त्यांना खाऊ दिलं नाही. शेवटी अंथरुणाला खिळल्यावर ती मला ओरडून सांगायची आणि मी बडवायचो.

मी तवा खुंटीवरून काढला, पळी घेतली आणि दार उघडलं. पळी तव्याला किंचित लागली. हरिणीनं मान वर केली आणि घराकडे बघत उभी राहिली. तिला सवय होती. पुढचा आवाज झाला की पळायचं, हे तिला माहीत होतं.

मी तसाच दारात उभा राहिलो. व्हरांड्यातून ड्वेनचा भोपळा दात काढून बघत होता. थोड्या वेळानं हरिणीनं मान खाली घातली आणि नाव होतं त्या सालीकडून खायला लागली.