दिवस मावळायच्या आधीचं मलम

सासूबाई गेल्यानंतर आमच्या घरात सगळं वेळेवर होत होतं. दूध वेळेवर तापत होतं, धरणगावच्या बाजारातलं आमचं कापडाचं दुकान वेळेवर उघडत होतं आणि रोनक, म्हणजे माझा नवरा, माल आणायला ठरल्याप्रमाणे सुरतेला जात होता. कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मला तर, खरं सांगायचं तर, काही वाटतच नव्हतं. हात कामं करत होते आणि मी त्यांच्यामागून फिरत होते.

त्यात बाबूजींचं तोंड आलं. बाबूजी म्हणजे माझे सासरे, लालचंदजी. खालच्या ओठाच्या आत पांढरा फोड, पाणी लागलं तरी डोळे मिटून घ्यायचे. त्यांना जळगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलम दिलं आणि शाळेतल्या मुलाला सांगावं तसं बजावलं. हात धुवायचे, कापसानं फोड कोरडा करायचा, मुगाच्या दाण्याएवढं मलम नुसतं टेकवायचं, चोळायचं नाही. जेवण झाल्यावर लावायचं आणि मग अर्धा तास काही खायचं नाही. जागा बधिर असताना खाल्लं तर गाल चावला जाईल, तोंड भाजेल आणि कळणारही नाही. आठवड्यात बरं झालं नाही तर परत या, आपलं आपण लावत बसू नका.

बाबूजींनी यातलं एकच वाक्य उचललं. अर्धा तास काही खायचं नाही.

आमच्याकडे चौविहार पाळतात. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. मी संध्याकाळचं ताट घेऊन जायचे, तर बाबूजी आरशासमोर ओठ ओढून उभे. "आत्ताच लावलं बेटा. अर्धा तास थांबतो." थंडीचे दिवस. अर्ध्या तासात सूर्य गेलेला असायचा. ताट तसंच परत. "आधी जेवण, मग मलम," असं मी साध्या आवाजात सांगितलं, मग चढ्या आवाजात सांगितलं. ताट लवकर न्यायला लागले, तर त्यांनी मलम लवकर लावायला आणि अर्धा तास झाला की पुन्हा लावायला सुरुवात केली. म्हातारपणी हट्टीपणा येतो म्हणतात, तो आला, असं म्हणून मी भांडी घासायला घेतली. तेव्हा धड चिडायलाही जमत नव्हतं मला.

मग एके दिवशी बाबूजींच्या मलमाचे पैसे घेता घेता मेडिकलवाला योगराज थांबला. "वहिनी, आबानी ही तिसरी ट्यूब शे. इतला दिन फोड ऱ्हास का? डॉक्टरले दाखवा बरं." एवढंच म्हणाला. पण आमच्या भागात बरा न होणारा फोड म्हटलं की माणसाच्या मनात एकच शब्द येतो, आणि तो कुणी तोंडानं उच्चारत नाही. मी घरी येताना बाबूजींचा सदरा आठवत होते. गळ्याशी किती सैल झाला होता! ते वाळत चालले होते आणि मी रोज झाकलेली ताटं परत नेत होते.

रोनकला फोन केला. "उद्या आलो की बघू," तो म्हणाला. उद्यापर्यंत थांबणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

या घरात आल्यापासून मी बाबूजींसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. बोलताना नजर त्यांच्या गुडघ्यांवर. सासऱ्याच्या तोंडात बोट घालायचं म्हणजे आमच्या समाजात ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. मी पदर खोचला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यांच्या खोलीत गेले. दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी ते मलम लावून नुकतेच बसले होते.

"तोंड उघडा, बाबूजी."

"रोनक आल्यावर..."

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. मी ओठ खाली ओढला, गाल बघितले, जिभेखाली बघितलं. दोनदा बघितलं. कुठे काही नव्हतं. गुलाबी, धडधाकट तोंड, आणि जिभेवर बोटभर मलम पसरलेलं.

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. मी भडकले. "फोड कधीच बरा झालाय. मग हे काय चाललंय? आम्हाला आणखी एक माणूस पोचवायला लावताय का?"

ते बराच वेळ हातातल्या ट्यूबचं टोपण फिरवत राहिले. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते. "चंद्रा गेली, त्याच्या चौथ्या दिवशी तू गट्ट्याची भाजी केली होतीस. मला गोड लागली, बेटा. अजून मागणार होतो. घरात बसायला माणसं आलेली, आणि मी वाटी पुढे करणार होतो." मग म्हणाले, "याने काही लागत नाही. बरं असतं."

मी ट्यूब त्यांच्या हातातून काढून घेतली, त्यांना चूळ भरायला लावली, ताट आणलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बधिर तोंडानं खायला देणार नव्हते. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं.

"मुंग्या गेल्या?"

"आहेत थोड्या."

आम्ही थांबलो. ऊन कपाटाच्या वरपर्यंत गेलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी जीभ दातांवरून फिरवली आणि मान हलवली.

फुलक्याचा तुकडा कढीत बुडवून त्यांनी तोंडात घातला. चावता चावता थांबले.

"चंद्राच्या कढीत मीठ कमी असायचं," ते म्हणाले. "कायम. मी कधी बोललो नाही." मग घास तोंडात तसाच ठेवून ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोरासारखं. "तुझी चांगली झालीय. तिच्यापेक्षा चांगली झालीय."

माझेही डोळे भरून आले. ऊन अजून थोडं शिल्लक होतं. मी आणखी एक फुलका वाढला, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.