तिसरा रकाना

विभागप्रमुखांच्या डोळ्यांत फळ्यावरचा तिसरा रकाना खुपत असे. पहिल्या रकान्यात कोलायटिसचे रुग्ण: आजार मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता, आतडे काढले की सुटका. दुसऱ्यात क्रोनचे: आजार आतड्याची भिंत आरपार पोखरणारा, आज इथे तर उद्या तिथे, तो कापून संपत नाही. तिसऱ्यात ते, ज्यांच्या आतड्यांनी शास्त्राशी सहकार्य करण्याचे नाकारले होते. प्रमुखांच्या शोधनिबंधात रकाने दोनच होते.

"हे तळ्यात-मळ्यात पुरे झालं," बैठकीत ते म्हणाले. "आज प्रत्येकाला घर द्यायचं."

ताई याच विभागात पॅथॉलॉजिस्ट होती. आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे हे तिचे काम. तिचा धाकटा भाऊ तिसऱ्या रकान्यात होता.

"सर, याचा आणखी एक तुकडा मागवू या. मला खात्री—"

"तुझा भाऊ ना हा? मग तू बाहेर थांब. निःपक्षपातीपणा म्हणून काही असतं."

निःपक्षपातीपणाने दार लावून घेतले. ते उघडले तेव्हा भाऊ पहिल्या रकान्यात जाऊन बसला होता. एकदा दिलेला गट बदलायचा नाही, हा विभागाचा दंडक. बदलला तर आकडे ढासळतात.

भाऊ पोहायला शिकवत असे. गट ऐकून त्याचा चेहरा उजळला. मोठे आतडे काढायचे, काही महिने मळासाठी पोटावर पिशवी, मग दुसऱ्या ऑपरेशनात लहान आतड्यातूनच मळ साठवण्याची जागा शिवायची आणि पिशवीला निरोप. ही वाट फक्त पहिल्या गटासाठी होती. क्रोनमध्ये ती शिवलेली जागाच सडते.

पहिले ऑपरेशन झाले. काढलेले आतडे ताईच्याच खोलीत आले. वाचायचे दुसऱ्याने होते, तिने वाचले. सूज अस्तरावर थांबली नव्हती, भिंतीच्या पार गेली होती, आणि खोल थरांत क्रोनच्या त्या ओळखीच्या बारीक गाठी बसल्या होत्या.

प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याची तसदी घेतली नाही. "नोंदवून ठेव. पण गट निदानाच्या दिवशीचा. हे तुझं वरातीमागून घोडं."

"वरात अजून निघायची आहे, सर. दुसरं ऑपरेशन बाकी आहे."

"ते सर्जन बघतील."

सर्जनने गट बघितला. "मॅडम, मी फक्त शिवतो. बारसं तुमच्या विभागात होतं. रुग्ण नको म्हणाला, तर थांबतो."

ताई भावाच्या खाटेशी बसली. "दुसरं ऑपरेशन करू नकोस."

"म्हणजे पिशवी कायमची?"

"हो."

"तुझे सर काय म्हणतात?"

"पहिला गट."

"आणि सर्जन?"

"तेही तेच."

"म्हणजे सगळी शहाणी माणसं एकीकडे आणि तू एकीकडे." तो हसला. "तायडे, लहानपणीसुद्धा तू मला पाण्यात उतरू द्यायची नाहीस. बुडालो का मी?"

"तेव्हा मी नुसती घाबरायचे. आता बघितलंय."

"घाबरतेस तेव्हाही तू असंच तोंड करतेस," तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली.

शिवलेली जागा वर्षभरही टिकली नाही. तिला भोके पडली. मळ मांडीच्या कातडीतून वाट काढू लागला. ती जागा कापून काढावी लागली आणि तिच्याबरोबर लहान आतड्याचा मोठा भाग गेला. आधी थांबला असता, तर नुसती पिशवीच राहिली असती. आता पिशवी होती, आणि अन्न अंगी लागत नव्हते.

निबंध छापून आला. त्यात भाऊ होता: पहिला गट, उपचार अयशस्वी. प्रमुखांनी त्या अपयशावर एक चिंतनशील परिच्छेद लिहिला होता, आणि विद्वानांना तो फार भावला.

तलावाच्या कडेला खुर्ची टाकून भाऊ मुलांना हात कसा मारायचा ते तोंडानेच सांगत होता. त्याचा सदरा त्याच्याच खांद्यांना मोठा होत होता. ताई शेजारी उभी राहिली.

"आता तरी मला हलवलं का दुसऱ्या रकान्यात?" त्याने पाण्यावरची नजर न काढता विचारले.

"नाही."

"तू सांगून पाहिलंस?"

"पुन्हा पाहिलं."

त्याने मान हलवली, आणि पाण्यातल्या मुलाला पाय सरळ ठेवायला सांगितले.