सुईकाकांची गुप्त कृती

सुईकाकांनी जन्मभर सुया केल्या, पण त्यातल्या एकीनेही कधी बटण लावलं नाही. त्यांच्या सुया प्रयोगशाळेतल्या. धातूपासून केसाच्या लाखाव्या भागाइतक्या अंतरावरून फिरायच्या आणि एकेक अणू चाचपायच्या. काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. आज त्या सुयांचं जुनं यंत्र मोडीत निघणार, म्हणून तिथल्या संशोधक पोरीने त्यांना मुद्दाम बोलावलं.

"काका, भिंतीवर लावायला एक शेवटचं चित्र हवंय. पण पट काही दिसत नाही हो."

पट म्हणजे त्या यंत्राची शान. टंगस्टनवर लोखंडाचा एका अणूच्या जाडीचा थर, आणि त्यातले शेजारचे अणू चुंबकी तोंडं उलटी करून बसलेले, भांडलेल्या जावांसारखे. साध्या सुईला सगळे सारखेच. सुईच चुंबकी असेल तर एक उजळ, एक काळा, असा बुद्धिबळाचा पट उमटतो. तीस वर्षांपूर्वी तो इथे पहिल्यांदा उमटला तेव्हा विभागप्रमुख बाईंनी श्वास रोखून धरला होता. मग हळूच म्हणाल्या, "अहो सुईवाले, केलंत काय हे?"

काकांनी ठोकून दिलं, "सात दिवस लोखंडाच्या वाफेत ठेवली. आठव्या दिवशी तिनेच हाक मारली."

बाई खळखळून हसल्या. पुढे जातील तिथे, अगदी शेवटच्या व्याख्यानातही, 'आमच्या काकांची गुप्त कृती' सांगत राहिल्या. आता बाई नव्हत्या. त्यांची खुर्ची तेवढी होती, डाव्या हाताला उसवलेली.

"सांगा ना ती कृती. दोन तासांत खोलणारे येतील."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. खरं सांगावं तर बाई तोंडघशी पडणार. गप्प बसावं तर पट न दाखवताच यंत्र जाणार.

"आपट," ते म्हणाले.

"काय?"

"सुई. थरावर हलकेच टेकव न् उचल. त्या दिवशी मला शिंक आली, नॉबवरचा हात सरकला न् सुई आपटली. टोकाला लोखंडाचे चार अणू चिकटले. कृती कसली, बोडक्याची! बाईंना सांगायचा धीर झाला नाही."

पोरगी हसली नाही. तिने सुई टेकवली, उचलली. पडद्यावर ओळीवर ओळ चढू लागली. करडी, करडीच. आणि मग उजळ, काळा, उजळ, काळा.

काकांचा श्वास आपोआप थांबला. खुर्चीतून कुणी काही म्हणेल म्हणून ते जरा वेळ तसेच उभे राहिले.

"चित्राखाली काय लिहू, काका? शिंक?"

"लिही. वर बाईंचं नाव घाल, खाली शिंक." डोळे पुसत ते म्हणाले, "पण साधीसुधी नको हं. सात दिवस दाबून धरली होती म्हणावं."